उद्यांच्या इंधनाचा भाव

उद्यां काय होईल हें जाणून घेण्याची उत्कंठा मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. शेतकरी पाडव्याला पंचांगांतील पर्जन्यफळ ऐकतो, व्यापारी येत्या महिन्याच्या तेजीमंदीवर वायदा करतो, आणि गृहिणीहि दिवाळीपूर्वीं साखर महागेल काय याचा अंदाज घेऊन डबे भरून ठेवते. परंतु या अंदाजांची धांव फार तर एका हंगामापुरती असते. अंदाज चुकला तर नुकसानहि त्या हंगामापुरतेंच. अर्वाचीन काळानें मात्र एक निराळाच प्रकार रूढ केला. वीजकेंद्र, खाण, धरण यांवर आज ओतलेला पैसा वीस-पंचवीस वर्षांनीं वसूल व्हावयाचा असतो. म्हणून पैसा घालणारा साहजिकच विचारतो कीं, या वीस-पंचवीस वर्षांत कोळसा, तेल किंवा वीज काय भावानें विकली जाईल? या प्रश्नाचें खात्रीचें उत्तर देऊं शकणारा पुरुष अद्यापि जन्मास यावयाचा आहे. तरीहि कांहीं तरी उत्तर गृहीत धरल्यावांचून पायाचा दगडहि बसत नाहीं. अशा रीतीनें इंधनाच्या दीर्घ मुदतीच्या भावाचें भाकित हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय न राहतां प्रत्येक घरच्या वीजबिलाचा विषय होऊन बसला आहे.

अशीं भाकितें कोणीं केलीं, तीं कशीं चुकलीं आणि त्या चुकीची किंमत कोणीं भरली, हें एका जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहावें, असा आमचा या लेखांत हेतु आहे. त्यासाठीं आम्हीं अहमदनगर जिल्हा निवडला आहे. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें. परंतु लोकांच्या तोंडीं ‘नगर जिल्हा’ हेंच नांव रुळलेलें असल्यामुळें येथेंहि तेंच वापरलें आहे. या जिल्ह्यांत कोळशाची मोठी खाण नाहीं, तेलाची विहीर नाहीं, बंदर नाहीं. तथापि ऊंस, पाणी, वारा आणि ऊन यांच्या योगानें इंधनाचा भाव आगाऊ बांधण्याचे बहुतेक सर्व प्रकार या एका जिल्ह्याच्या अनुभवास आले आहेत.

जुन्या काळीं या भागांत इंधनाला रोख भाव असा फारसा नव्हताच. विहिरीवरची मोट बैलांच्या बळावर चाले, आणि बैल घरच्या कडब्यावर चालत. गुऱ्हाळांत तर इंधनाचा प्रश्न उंसानेंच सोडविलेला असे. चरकांतून पिळून निघालेलें चिपाड उन्हांत वाळवावयाचें आणि तेंच काहिलीखालच्या चुलवणांत सारावयाचें. रस आणि तो आटविण्याचें जळण हीं दोन्हीं एकाच कांड्यांतून निघत. त्यामुळें पुढल्या वर्षीं जळण काय भावानें मिळेल ही चिंता गुळव्याला पडत नसे. पुढें १९२६ सालीं प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि कालव्यांचें पाणी खालच्या तालुक्यांत खेळूं लागलें. त्या पाण्याच्या उंसावर हरिगांवास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला, आणि १९५० सालाच्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं लोणीनजीक प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. चरकाच्या जागीं मोठीं यंत्रें आलीं, तरी जुना नियम टिकून राहिला. चिपाडाला बगॅस असें नवें नांव मिळालें आणि चुलवणाऐवजीं तें बॉयलरांत जळूं लागलें, एवढाच काय तो फरक.

याच भंडारदऱ्याची एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या उंच धरणामागें सांठलेलें पाणी हेंहि एक प्रकारचें इंधनच होतें. परंतु धरणाचा मूळ उद्देश सिंचनाचा होता, आणि पायथ्याशीं वीज करणारें यंत्र फिरूं लागलें तें १९८६ सालीं. म्हणजे साठ वर्षें तें पाणी विजेचें एकहि युनिट न देतां खालीं उतरत राहिलें. ज्या वस्तूला हिशेबांत भाव धरलेला नसतो, ती डोळ्यांसमोर असूनहि कशी दिसत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

इंधन विकत घ्यावें लागूं लागलें म्हणजे त्याच्या भविष्याची चिंता आलीच. विलायतेंत ही अवस्था आपल्या पुष्कळ आधीं आली. तेथील सर्व उद्योग कोळशावर उभे होते. १८६५ सालीं विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या तिशीच्या आंतील अर्थशास्त्रज्ञानें कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहून मोठीच खळबळ उडविली. कोळशाचा खप दरसाल साडेतीन टक्क्यांनीं वाढत आहे. तो तसाच वाढत राहिला तर १९६१ सालीं देशाला २६० कोटि टनांहून अधिक कोळसा लागेल. इतका कोळसा स्वस्तांत निघणें अशक्य, म्हणून इंग्लंडच्या वैभवाला उतरती कळा लागणार, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षांत १९६१ सालीं ब्रिटनचा खप वीस कोटि टनांच्या आसपास होता! जेव्हन्स हा कांहीं सामान्य बुद्धीचा मनुष्य नव्हता. यंत्र कमी कोळशांत चालूं लागलें म्हणजे कोळशाचा एकूण खप कमी न होतां उलट वाढतो, हा त्याचा सिद्धान्त आजहि आदरानें शिकविला जातो. त्याची चूक एवढीच कीं, आपल्या डोळ्यांसमोरची चढती रेघ त्यानें तशीच शंभर वर्षें पुढें ओढली. खनिज तेल, मोटार, विजेचें जाळें हीं त्या रेघेच्या वाटेंत आडवीं येणार होतीं, तीं त्याला दिसलीं नाहींत. दिसणें शक्यहि नव्हतें. केन्सनें पुढें त्याच्याविषयीं अशी आठवण नोंदविली आहे कीं, कागदाचाहि तुटवडा पडणार या भीतीनें जेव्हन्सनें घरांत कागदाचा एवढा सांठा करून ठेवला होता कीं, त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनींहि तो मुलांच्यानें संपला नव्हता.

नगरच्या शेतकऱ्याला हा अनुभव कोळशानें नव्हे तर तेलानें दिला. मोटेच्या जागीं ऑइल इंजिन आलें, तेव्हां तेल स्वस्त होतें आणि तें तसेंच राहील असें सर्व जग समजत होतें. १९७२ सालच्या भयंकर दुष्काळांत नगर जिल्हा होरपळून निघाला. विहिरी खोल गेल्या, पाणी उपसण्याचा खर्च वाढला. त्यांतून सांवरतो न सांवरतो तोंच १९७३ च्या ऑक्टोबरांत पश्चिम आशियांत युद्ध पेटलें आणि सुमारें तीन डॉलरांना मिळणारें तेलाचें पिंप दोन-तीन महिन्यांत अकरा डॉलरांच्या वर गेलें. आदल्याच वर्षीं कायनेटिक कंपनीची ‘लूना’ नांवाची लहानशी गाडी बाजारांत आली होती. नगरच्या कारखान्यांत ती पुढें अनेक वर्षें तयार होत असे. ही गाडी काढणारांनीं तेलाच्या महागाईचें भविष्य वर्तविलें होतें असें नाहीं. परंतु ज्याला तेल थोडें लागतें त्याला तेलाच्या भावाची फारशी पर्वा करावी लागत नाहीं, हें त्या गाडीच्या लोकप्रियतेनें दाखवून दिलें. अंदाज चुकण्याचा धोका कमी करण्याचा हाहि एक मार्ग आहे, आणि मध्यमवर्गीय गृहस्थाला तो चांगला ठाऊक आहे.

१९७९ सालीं इराणांतील क्रांतीनंतर तेल पुनः भडकलें. त्या वेळीं शतक संपेतों तेल शंभर डॉलरांवर जाईल, असें पाश्चात्य देशांतील पुष्कळ जाणते लोक आंकडेमोड करून सांगूं लागले. १९८६ सालीं भाव दहा-बारा डॉलरांपर्यंत कोसळला आणि १९९८ च्या अखेरीस तो पुनः दहाच्या घरांत होता. मग लोकांनीं तेल कायमचें स्वस्त झालें असें धरलें, तों २००८ च्या जुलैंत तें १४७ डॉलरांवर चढलें. स्वस्ताईंत स्वस्ताईचें आणि महागाईंत महागाईचें भविष्य वर्तविलें जातें, ही मनुष्यस्वभावाची खोड जेव्हन्सच्या काळापासून बदललेली नाहीं.

आतां खुद्द नगर जिल्ह्यांतील सर्वांत मोठ्या प्रयोगाकडे वळूं. १९६९ सालीं दिल्लीस ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालें. अमेरिकेंत खेड्यांपर्यंत वीज नेण्याचें काम सहकारी संस्थांनीं केलें होतें. त्या धर्तीवर व अमेरिकन सल्ल्यानें आपल्या देशांत पांच ठिकाणीं तसा प्रयत्न करावयाचें ठरलें. आंध्रांत सिरसिल्ला, कर्नाटकांत हुकेरी, गुजराथेंत कोडिनार, उत्तर प्रदेशांत लखनौ आणि महाराष्ट्रांत मुळा-प्रवरा हीं तीं पांच ठिकाणें. सहकारी साखर कारखान्याच्या या जन्मभूमींत वीजहि सहकारानेंच यावी, ही कल्पना खचित उदात्त होती. १९७१ सालापासून श्रीरामपूर, राहुरी व आसपासच्या तालुक्यांतील १८३ गांवांना मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनें वीज पुरविण्यास आरंभ केला. संस्था स्वतः वीज निर्माण करीत नसे. राज्याच्या विद्युत मंडळाकडून ती घाऊक वीज विकत घेई आणि सभासदांना किरकोळीनें विकी.

या व्यवहारांत भाकित कोणतें दडलेलें होतें तें पाहिलें पाहिजे. १९७१ सालीं कोयनेची वीज नवी व स्वस्त होती, तेलाचा भाव अद्यापि दोन-तीन डॉलरांच्या घरांत होता, आणि केंद्रें मोठीं होत जातील तशी वीज स्वस्त होत जाईल, ही समजूत सर्व जगांत रूढ होती. घाऊक वीज माफक दरानें मिळत राहील, हें कोणीं कागदावर लिहिलें असो वा नसो, संस्थेच्या सगळ्या उभारणीचें गृहीत तत्त्व होतें. प्रत्यक्षांत पुढील वाढ कोळशावरच्या केंद्रांची झाली, आणि कोळसा व त्याची रेल्वे-वाहतूक यांचा खर्च वीजदरांत उतरत गेला. अशांत १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत शेतीपंपांची आकारणी मीटरऐवजीं अश्वशक्तीवर होऊं लागली. वाचकांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. पांच अश्वशक्तीचा पंप वर्षांत पांचशें तास चालला तर सुमारें १,८६५ युनिटें वीज खातो. पंधराशें तास चालला तर सुमारें ५,५९५. शेतकऱ्याचें बिल दोन्हीं वेळां तेंच. परंतु संस्थेनें मंडळाला द्यावयाचें बिल मात्र तिप्पट. घेण्याचा दर मीटरला बांधलेला आणि विकण्याचा दर पंपाच्या आकाराला बांधलेला, असें हें दुकान होतें. पाण्याची पातळी खालीं जावी, पंप अधिक तास चालावा, कोळसा महागावा, यांपैकीं कांहींहि झालें तरी भार एकाच ठिकाणीं येऊन पडे.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. मंडळाची थकबाकी सांचत गेली. घाऊक दर किती असावा याविषयीं वाद निघाले, तंटे न्यायासनांपुढें गेले, आणि थकबाकीचा आंकडा मंडळाच्या जागीं आलेल्या महावितरण कंपनीच्या हिशेबाप्रमाणें दोन हजार कोटि रुपयांच्या वर पोंचला. संस्थेला तो हिशेब मान्य नव्हता. ३१ जानेवारी २०११ रोजीं संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि त्या गांवांचा वीजपुरवठा महावितरणाकडे गेला. या प्रकरणांत राजकारण होतें, वसुलींतील ढिलाई होती, हें सर्व खरें धरलें तरी मूळ दोष व्यवहाराच्या रचनेंत होता, असें आमचें मत आहे. चाळीस वर्षांत इंधनाचा भाव वाढेल ही गोष्ट संस्थापकांना ओळखतां आली नाहीं, याबद्दल त्यांना कोणी बोल लावूं नये. ती जेव्हन्ससारख्यालाहि ओळखतां आली नसती. पण भाव वाढलाच तर तो कोणाच्या पदरांत टाकावयाचा, हा प्रश्न आरंभींच विचारतां आला असता. तो विचारला गेला नाहीं, म्हणून त्याचें उत्तर चाळीस वर्षांनीं थकबाकीच्या आंकड्यानें दिलें.

हेंच सूत्र पुढें अधिक भव्य प्रमाणावर दिसलें तें रत्नागिरी जिल्ह्यांतील दाभोळच्या प्रकल्पांत. नगर जिल्ह्याच्या वृत्तांतांत कोकणांतील वीजकेंद्र कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या मंडळाकडून मुळा-प्रवरा संस्था वीज घेत होती, तेंच मंडळ दाभोळची वीज विकत घेणार होतें. तेथील महागाई राज्यांतील सर्वच ग्राहकांच्या दरांत मिसळणार होती. १९९३ च्या डिसेंबरांत एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या दाभोळ कंपनीशीं मंडळानें वीस वर्षांचा करार केला. इंधन प्रथम नाफ्था व नंतर परदेशांतून आणावयाचा द्रवरूप वायु. इंधनाचा भाव डॉलरांत, केंद्राचा स्थिर आकारहि मुख्यतः डॉलराशीं निगडित, आणि वीज उचलली नाहीं तरी तो आकार भरलाच पाहिजे, अशा अटी होत्या. त्या सुमारास विजेचा दर युनिटला २ रुपये ४० पैशांच्या आसपास पडेल असें सांगितलें जात होतें. जागतिक बँकेनें मात्र त्याच वर्षीं या प्रकल्पाला कर्ज देण्याचें नाकारलें. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणांत मंडळाला पेलणार नाहीं, असा तिचा अभिप्राय होता. १९९६ सालीं करार थोडाफार सुधारून पुनः करण्यांत आला.

केंद्राचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यांत सुरू झाला. तेलाचा भाव तेव्हां नुकताच तळ गाठून वर येऊं लागला होता. २००० च्या सप्टेंबरापर्यंत तो तीस डॉलरांच्या वर गेला. करार झाला तेव्हां डॉलराला सुमारें एकतीस रुपये पडत. २००१ सालीं शेहेचाळीसांच्या वर पडूं लागले. नाफ्था महाग, डॉलर महाग, आणि वीज कमी उचलावी तर स्थिर आकार थोड्या युनिटांवर वांटला जाऊन प्रत्येक युनिट आणखी महाग. २००१ च्या मे महिन्यांत मंडळानें वीज घेणें थांबविलें, आणि कांहीं वर्षें तें अवाढव्य केंद्र बंद पडून राहिलें. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २००१ सालींच या कराराचें परीक्षण करून त्यांतील दोष चव्हाट्यावर मांडले. येथेंहि तेलाचा वा डॉलराचा भाव चुकीचा धरला हा मुख्य अपराध नव्हे. तो चुकल्यास त्याचा सगळा भार एकाच पक्षानें, आणि तोहि जो रुपयांत कमावतो त्या पक्षानें, कसलीहि मर्यादा न ठेवतां आपल्या शिरावर घेतला, हा खरा अपराध होय.

आतां नेमक्या उलट दिशेनें चुकलेल्या भाकिताकडे पाहूं. पारनेर तालुक्यांत सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. नगर-पुणें रस्त्यानें जाणारास त्या भागांत ती दुरून दिसते. राज्याच्या वीज नियामक आयोगानें २४ नोव्हेंबर २००३ च्या हुकुमानें नव्या पवनचक्क्यांच्या विजेला पहिल्या वर्षीं युनिटला ३ रुपये ५० पैसे दर ठरविला, आणि तो तेरा वर्षें दरसाल १५ पैशांनीं वाढवावयाचा होता. म्हणजे तेराव्या वर्षीं दर ५ रुपये ३० पैसे व्हावयाचा. वाऱ्याला कोणी पैसे मागत नाहीं, यंत्र एकदां उभें राहिल्यावर इंधनाचा खर्च शून्य. तरीहि दर वाढता कां, हा प्रश्न कोणालाहि सुचेल. एक कारण असें कीं, आरंभींचा दर शक्य तितका कमी ठेवावयाचा होता. पण इतर सर्व वीज उत्तरोत्तर महागच होत जाणार, तेव्हां वाढता दरहि पुढें जड वाटणार नाहीं, ही समजूतहि त्याच्या मागें होती, असें आम्हांस वाटतें. प्रत्यक्षांत २०१७ च्या फेब्रुवारींत देशांत पवनविजेचा पहिला मोठा लिलांव झाला, त्यांत दर उतरला तो ३ रुपये ४६ पैशांवर, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत २ रुपये ६४ पैशांवर. १४ वर्षांपूर्वीं आरंभींचा म्हणून जो कमी दर ठरविला होता, त्याच्याहि खालीं बाजार आला.

दाभोळचें भाकित चुकलें आणि पवनचक्क्यांचेंहि चुकलें. परंतु दोहोंच्या परिणामांत जमीन-अस्मानाचें अंतर पडलें. पवनचक्कीच्या दरांत तेराव्या वर्षीं किती द्यावे लागतील हें पहिल्याच दिवशीं पैशापैशापर्यंत ठाऊक होतें. वीज निर्माण झाली तरच पैसे. वारा पडला तर तोटा चक्कीवाल्याचा. ग्राहकाला वीज कांहींशी महाग पडली असेल, पण कोणी बुडालें नाहीं. आणि त्या दरावांचून त्या काळांत चक्क्या उभ्याच राहिल्या नसत्या, हेंहि न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. सारांश, भाकित बरोबर कीं चूक यापेक्षां, तें चुकल्यास नुकसानाला कांठ आहे कीं नाहीं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

गुऱ्हाळाच्या चिपाडापासून आम्हीं आरंभ केला होता. त्याचीहि आतां दशा पालटली आहे. साखर कारखान्यांनीं बगॅसवर जास्तीची वीज करून ती विकावी, यासाठीं नियामक आयोगानें २००२ सालीं मुदतबंद दर ठरवून दिला. पुढें उंसाच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल काढून तें पेट्रोलांत मिसळण्याचें धोरण आलें, आणि २०१८ सालापासून रस, बी-मळी व सी-मळी यांपासूनच्या इथेनॉलला केंद्र सरकार निरनिराळा दर ठरवूं लागलें. त्या दरांच्या भरंवशावर नगर जिल्ह्यांतील कारखान्यांनींहि कर्जें काढून आसवन्या उभारल्या वा वाढविल्या. २०२३ सालीं पाऊस कमी झाला, साखर महागण्याची भीति वाटूं लागली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजीं ऐन गळीत हंगामांत उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. आठवडाभरानें ती कांहीं अंशीं सैल करण्यांत आली. ज्याला भाव नव्हता तें कांडें आतां पेट्रोल, साखर, पाऊस आणि सरकारी हुकूम अशा चार धाग्यांनीं बांधलें गेलें आहे. आसवनीचें कर्ज फेडावयाचें अनेक वर्षांत, आणि दराचा हुकूम मात्र एका हंगामापुरता: मुळा-प्रवरेची जुनीच विसंगति येथें नव्या वेषांत उभी आहे.

शेवटीं आजच्या घटकेला सर्वांत निकटच्या विषयाकडे येऊं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली. तिच्या पहिल्या दोन प्रायोगिक ठिकाणांपैकीं एक पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी आणि दुसरें यवतमाळ जिल्ह्यांतील कोळंबी. २०२३ सालीं या योजनेची दुसरी, पुष्कळ मोठी आवृत्ति निघाली. तींत विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास, आणि तो पंचवीस वर्षें न बदलणारा. सूर्याला डॉलरांत पैसे द्यावे लागत नाहींत, आणि दरसाल वाढहि नाहीं. अर्थात् दाभोळ व पवनचक्की या दोन्ही अनुभवांपासून कांहीं शहाणपण घेतलेलें दिसतें. यंत्रें आणखी स्वस्त होऊन तीन रुपयेहि महाग ठरण्याचा संभव आहे. पण त्या नुकसानाला कांठ आहे.

परंतु या योजनेंत दुसरें एक भाकित आहे, आणि तें शेतकऱ्याच्या घरांतलें असल्यामुळें त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाहीं. तें म्हणजे जमिनीचा खंड. खाजगी जमीन सौर केंद्राला दिल्यास हेक्टरीं दरसाल १ लाख २५ हजार रुपये भाडें, आणि त्यांत दरसाल तीन टक्के वाढ, असा नियम आहे. या हिशेबानें पंचविसाव्या वर्षीं भाडें सुमारें २ लाख ५४ हजार होईल. आज मुरमाड माळाला हा आंकडा उत्तमच आहे. पण महागाई तीन टक्क्यांपेक्षां अधिक वेगानें वाढली तर भाड्याचे रुपये वाढत जाऊनहि त्यांची किंमत घटत जाईल. आणि शेजारीं कालवा आला, रस्ता आला वा औद्योगिक वसाहत वाढली, तर शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव त्याला पाहत बसावा लागेल. उलट पाऊस बेभरंवशाचा राहिला तर हेंच निश्चित उत्पन्न त्याला तारून नेईल. यांपैकीं काय घडेल हें आम्ही सांगूं शकत नाहीं, आणि सांगणाऱ्यावर कोणीं विश्वासहि ठेवूं नये. मात्र सही करणाऱ्यानें आपण केवळ जमीन भाड्यानें देत नसून पंचवीस वर्षांच्या महागाईविषयीं एक पैज मारीत आहों, हें समजून सही करावी.

येथवर केलेल्या विवेचनाचा निष्कर्ष साधा आहे. दीर्घ मुदतीचा भाव बांधण्याचा प्रसंग टाळतां येत नाहीं. तो टाळला तर धरणें, केंद्रें, कारखाने उभेच राहणार नाहींत. तेव्हां असा कोणताहि करार पुढें आला असतां, तो राज्याचा असो कीं सात-बाऱ्याच्या उताऱ्यावरचा असो, तीन गोष्टी विचाराव्या. हा भाव कशाला बांधला आहे, आणि आपलें उत्पन्न त्याच गोष्टीला बांधलेलें आहे काय? अंदाज चुकला तर जास्तींत जास्त किती नुकसान होईल, आणि तें कोण सोसील? आणि काळ अगदींच पालटला तर दोन्ही पक्षांनीं पुनः एकत्र बसण्याची कांहीं मुदत ठरलेली आहे काय? मुळा-प्रवरेंत पहिल्या प्रश्नाचें उत्तर वाईट होतें, दाभोळांत दुसऱ्याचें, आणि राळेगणापासून निघालेल्या नव्या योजनेंत तिसऱ्याचें उत्तर शेतकऱ्यांनीं करारनाम्यावर सही करण्यापूर्वींच मागून घ्यावें, अशी आमची सूचना आहे. ज्यांच्या घरांत शिकलेलीं मुलें आहेत त्यांनीं तरी तो करारनामा शेवटच्या पानापर्यंत वाचून वडील मंडळींना समजावून सांगावा. इंधनाचा भाव ओळखण्याचें सामर्थ्य शिक्षणानें येत नाहीं. परंतु तो न ओळखतां सुरक्षित कसें राहावें, एवढें तर शिक्षणानें यावयास हरकत नाहीं.